जाड तार, एक ओहम आणि गच्चीवर पडणारी वीज

वळवाचे ढग जमू लागले की एक संदेश फिरू लागतो: ‘गच्चीपासून खाली जाड तांब्याची तार सोडा. अर्थिंग एक ओहमच्या आत आलं की वीज सरळ जमिनीत जाते, टीव्ही-फ्रिजला धक्का लागत नाही.’ तार हवी, चांगलं अर्थिंगही हवं. पण शेवटच्या वाक्यावर विसंबून लोक गडगडाटातही प्लग काढत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आधी तार. १० मीटर लांब, ५० चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम साडेतीन मिलिओहम. तिच्यातून ३० किलोअँपिअर गेले तरी शंभरेक व्होल्टच पडतात. संदेशातला हिशेब इथेच थांबतो. पण विजेचा प्रवाह घरातल्या ५० हर्ट्झसारखा सावकाश चढत नाही, काही मायक्रोसेकंदांतच शिखर गाठतो. तारेला तो रेडिओच्या प्रवाहासारखाच भासतो, आणि अशा प्रवाहाला अडवतो तो तारेचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला तारेकडून होणारा विरोध. तो मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री धरा. समजा २ मायक्रोसेकंदांत ३० किलोअँपिअर चढले, तर त्याच १० मीटर तारेच्या दोन टोकांत दीड लाख व्होल्टचा फरक पडतो! जवळून गेलेल्या डिशच्या केबलवर किंवा पाण्याच्या पाइपवर ठिणगी उडते ती यामुळे.

मग तार आणखी जाड करू? व्यास दुप्पट केला तर इंडक्टन्स फार तर दहा टक्क्यांनी उतरतो. शिवाय प्रवाह इतका झपाट्याने बदलणारा असला, समजा १ मेगाहर्ट्झचा, तर तांब्यातला बहुतेक प्रवाह पृष्ठभागाजवळच्या ०.०७ मिलिमीटरच्या आसपासच्या थरातून वाहतो. जाडी लागते ती तार वितळू नये, तुटू नये म्हणून. चपटी पट्टी थोडी सरस, पण थोडीच. खरा फरक पडतो इमारतीच्या वेगवेगळ्या बाजूंनी अनेक तारा उतरवल्याने. आयएस/आयईसी ६२३०५ या वीज-संरक्षणाच्या मानकात संरक्षणाच्या वर्गानुसार त्या एकमेकींपासून १० ते २० मीटरवर सांगितल्या आहेत.

एक ओहमचं म्हणाल तर ३० किलोअँपिअरला तिथेही ३० हजार व्होल्ट उभे राहतातच. म्हणून गच्चीची तार, मेन बोर्डाचं अर्थिंग, डिशची केबल, धातूचे पाइप हे सगळं एकमेकांना जोडलेलं हवं, म्हणजे सगळ्यांचा विद्युतदाब (व्होल्टेज) एकत्रच वर-खाली होतो. सोबत मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला विद्युतदाब अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) बसवा, त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

आणि उरलेली तार ‘पुढे लागेल’ म्हणून वेटोळं करून भिंतीला बांधलेली मी कितीदा पाहिली आहे. ते वेटोळं म्हणजे जास्तीचा इंडक्टन्स. तेवढी तार कापून टाका.