आधी डायकिरीचं पान उघडा

कॉकटेलची पुस्तकं सुचवणारा एक लेख वाचला; त्यात ती फोटो आणि बांधणी पाहून निवडलेली दिसतात. घरी शेकर हलवणाऱ्याने दुकानात आधी डायकिरीचं, म्हणजे रम, लिंबू आणि साखरेच्या कॉकटेलचं, पान उघडावं. ६० मिली व्हाइट रम, ३० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक, अशी मापं आहेत का? नुसतं ‘अर्ध्या लिंबाचा रस’ असेल तर पुस्तक परत ठेवा. आपलं छोटं कागदी लिंबू आणि परदेशातलं मोठं लाइम यांच्या रसात बराच फरक पडतो. पाकात साखर आणि पाण्याचं प्रमाण १:१ की २:१ हेही लिहिलेलं हवं. २:१ चा पाक तेवढाच ओतला की सरबत झालंच म्हणा! शेक किती सेकंद, तेही बघा. १०-१२ सेकंद हलवल्याशिवाय बर्फाचं पुरेसं पाणी उतरत नाही आणि रम घशाला बोचते. मापं औंसात असली तरी चालेल, १ औंस साधारण ३० मिली.