अ‍ॅव्हरेज मिळत नाही? तक्रार गाडीची नको, जाहिरातीची करा

गाडी सांगितलेलं अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणून ग्राहक आयोगात जाणारे अनेक जण तक्रारीच्या पहिल्याच पानावर चुकतात. ‘गाडीत उत्पादनदोष आहे’ असं लिहून मोकळे होतात. मग तो दोष सिद्ध करायचं ओझं त्यांच्याच डोक्यावर येतं. समोरून ‘गाडी ओके’ लिहिलेलं वर्कशॉपचं जॉबकार्ड दाखवलं जातं आणि केस लंगडी पडते. अशा प्रकरणात गाडी बहुधा धडधाकटच असते. खोट असते ती जाहिरातीत. ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द तक्रारीत असलेच पाहिजेत.

केरळमधल्या त्रिशूरच्या जिल्हा आयोगाचा २०२२ चा निकाल बघा. फोर्ड क्लासिक डिझेल, ब्रोशरमध्ये लिटरला ३२ किलोमीटर. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ कमिशनरने मोजलं तर १९.६. नुकसानीचे दीड लाख, मनस्तापाचे दीड लाख आणि खर्चाचे १० हजार द्यायला लागले. मारुती झेनच्या प्रकरणात जाहिरात १६ ते १८ ची होती, ग्राहकाच्या म्हणण्यानुसार मिळत होते १०.२. गाडी २००४ ची आणि राष्ट्रीय आयोगाने १ लाखाची भरपाई कायम केली २०२४ मध्ये! वीस वर्षं. हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

आता हा छापील आकडा येतो कुठून? पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही वाहनचाचणी संस्था आहे, तिथे किंवा तशाच मान्यताप्राप्त केंद्रात गाडी रोलरवर चढवतात. वेग कमी-जास्त करण्याच्या ठरलेल्या चक्रात ती साधारण २० मिनिटं, ११ किलोमीटरच्या आत चालते. वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद. टाकी कोणी मोजत नाही. धुरातल्या कार्बनवरून इंधनाचा हिशेब होतो.

खरी मेख रोलरच्या भारात, म्हणजे तो चाकांना किती विरोध करतो त्यात आहे. तो किती ठेवायचा हे ‘कोस्ट-डाउन’ चाचणीवरून ठरतं: सरळ ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि वेग उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वारा पाठीमागून असेल तर गाडी जास्त लांब घरंगळते, भार कमी निघतो, अ‍ॅव्हरेज फुगतं. अमेरिकेत ह्युंदाई-किआवर हाच ठपका होता: सोयीचं तापमान, पाठचा वारा आणि सरासरीऐवजी निवडक चांगले निकाल. २०१२ मध्ये आकडे खाली आणावे लागले, २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड. जपानमध्ये मित्सुबिशी २०१६ मध्ये याच जागी सापडली.

प्रयोगशाळेतला आकडा प्रामाणिक असला तरी जाहिरात दिशाभूल करू शकते. चाचणीच्या अटी मुंगीच्या अक्षरात आणि आकडा वीतभर, हा प्रामाणिकपणा नव्हे.

पुरावा असा जमवा. बुकिंगच्याच दिवशी ब्रोशर, वेबसाइटचा स्क्रीनशॉट, सेल्समनचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज एकटं पुरत नाही. टाकी फुल करून मोजा: तोच पंप, तेच नोझल, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, वरून ढोसायचं नाही. किमान चार-पाच टाक्या, प्रत्येक पावतीवर ओडोमीटरचा आकडा. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे. टायर मूळ मापाचेच हवेत. मोठे बसवले की ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि आपलंच मोजमाप उलटतं.

पेट्रोल गाडी असेल तर समोरचा वकील ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पुढे करणारच. मुळात ई-० साठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत नीती आयोगाच्या आराखड्याप्रमाणे ही घट ६ ते ७ टक्के. ३२ चे १९.६ होण्याएवढी घट त्यात बसत नाही.

नुकसान लिटरमध्ये मांडा. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर ३२ ने ३७५ लिटर, १९.६ ने ६१२. जादा २३७ लिटर, त्याला पंपाचा भाव लावा. तक्रारीबरोबरच तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज द्या. गाडीची किंमत ५ ते १० लाख असेल तर फी २०० रुपये. राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.