20 क्रेडिटचा परम सद्भाव

तुम्ही इंदूरचे. विम्याच्या कचेरीत लागून पंधरा-सोळा वर्षं झाली. वय चाळिशीला टेकलंय आणि तुमच्यानंतर चिकटलेला पोरगा केबिनमधून फोन करून "जरा ती फाइल पाठवता का" म्हणतो. त्याच्या पाटीवर नावानंतर स्वल्पविराम आहे आणि त्यानंतर ए.आय.आय.आय. तुमच्या नावानंतर काहीच नाही, थेट भिंत.

हा स्वल्पविराम कसा मिळवायचा ते सांगतो. मी स्वतः पहिल्या पायरीवर, लायसन्शिएटवरच बसलेला आहे, तेव्हा माझं ऐकायला हरकत नाही. पुढे गेलेला माणूस रस्ता विसरतो. अडकलेल्याला प्रत्येक खड्डा तोंडपाठ असतो.

मुंबईत 1955 पासून भारतीय विमा संस्था, म्हणजे इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आहे. तिच्या परीक्षा द्यायच्या, विषय सुटला की त्याचे क्रेडिट जमा होतात. 60 क्रेडिट झाले की लायसन्शिएट, 250 झाले की असोसिएट, म्हणजे आपल्या भाषेत 'ए ट्रिपल आय', आणि 490 झाले की फेलो, 'एफ ट्रिपल आय'. मागचे क्रेडिट पुढच्यात धरले जातात, त्यामुळे पोटात गोळा आणू नका. आपल्या होळकर संघाने 1945-46 च्या रणजीत म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव सोडला होता, एका डावात सहा शतकं. त्या गावच्या माणसाने 490 ला घाबरायचं? फरक इतकाच की ते मैदानात उतरून खेळले आणि तुम्हाला संगणकासमोर बसून चार पर्यायांतला एक टिचकवायचा आहे. पास व्हायला 60 टक्के लागतात.

विषय निवडताना एकच पथ्य पाळा. तुमच्या टेबलाशी ज्याचा संबंध येतो तो विषय घेऊ नका. त्यात उगीच शंका येतात आणि शंका आल्या की वेळ जातो. आमच्या ओळखीतल्या एकाने आयसी-67 घेतला, सागरी विमा. इंदुरात. ज्या गावात पाणी म्हणाल तर बिलावली तलाव आणि नर्मदेचा नळ, तिथे हा गडी रात्री दीडपर्यंत जहाजाची प्रवासयोग्यता पाठ करत होता. आता खरं सांगायचं तर सागरी विम्यात ट्रक आणि रेल्वेने जाणारा मालही येतो. पिथमपूरच्या कारखान्यातून न्हावाशेव्याला निघालेली पेटी वाटेत उलटली की हाच विषय लागतो. पण हे त्याला सांगू नका. तो खुशीत आहे. आयसी-81 मात्र, जीवन विम्याचं गणित, स्वप्नातही घेऊ नका. त्यात माणूस कितव्या वर्षी मरेल याची तक्ते मांडून सरासरी काढतात आणि सरासरी काढता येणाऱ्या माणसाला आपल्याकडे प्रमोशन देत नाहीत, बसवून ठेवतात आणि त्याच्याकडून सगळ्यांच्या मार्चच्या एक्सेल शीट करून घेतात.

अभ्यास कुठे करायचा? घरी तर नाहीच. घरी पुस्तक उघडलं की बायको विचारते, "आता या वयात?" आणि त्याला कुठल्याच मॉक टेस्टमध्ये उत्तर नाही. लंडनला 1688 च्या सुमारास एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात बसून लोकांनी जहाजांचे विमे केले आणि त्यातून एवढा मोठा बाजार उभा राहिला. तुम्ही छप्पनला, आपल्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, बसा. सकाळी सातला, पोह्यांची पहिली परात उतरते तेव्हा. मोबाइलवर आलेली पीडीएफ उघडा, त्यातला ठळक टाइप तेवढा वाचा, बाकीची जागा बोटाने पुढे ढकला. पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा हात स्क्रीनला लावू नका, तेवढीच काळजी.

पाठ काय करायचं तेही सांगतो. पहिल्याच पेपरात, 20 क्रेडिटच्या आयसी-01 मध्ये, एक लॅटिन शब्द आहे: उबेरिमा फायडिस. आपल्याकडच्या हिंदी पुस्तकात त्याला 'परम सद्भाव' म्हटलंय. बाजारात वांगी घेताना विकणाऱ्याने किडकी कुठली ते सांगायचं नसतं, तुम्हीच पाहून घ्यायची. विम्यात तसं नाही. जे ठाऊक आहे ते दोघांनी एकमेकांना सांगायचं, कुणी विचारलं नाही तरी. त्याचा खटला पाठ करा: कार्टर विरुद्ध बोम, 1766, न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड. सुमात्रात एक इंग्रजी किल्ला होता, त्याच्या गव्हर्नरने शत्रूच्या हल्ल्याचा विमा काढला, फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमावाला म्हणाला, किल्ला इतका कच्चा होता हे सांगितलंच नव्हतं. एवढं पुरे. निकाल पाठ करायच्या भरीला पडू नका. आमच्या विभागातल्या निम्म्या फेलोंना अजून वाटतं की विमावाला जिंकला. तो हरला होता. कोर्टाने म्हटलं, बाबा, हे तुला सहज कळण्यासारखं होतं, तूच विचारलं नाहीस. म्हणजे ज्या निकालाच्या जोरावर आपण अडीचशे वर्षं क्लेम नाकारत आलो, तो निकाल क्लेम देण्याचा आहे. असली माहिती डोक्यात राहिली तर करिअर संपलं म्हणून समजा.

कलम 41 ही पाठ करा. 1938 च्या विमा कायद्यातलं. ग्राहकाला कमिशनमधला हिस्सा परत देणं किंवा हप्त्यात सूट देणं गुन्हा आहे. पूर्वी दंड 500 रुपयांपर्यंत होता, 2015 च्या दुरुस्तीने तो दहा लाखांपर्यंत नेला. पेपरात हे हमखास येतं. 'दहा लाख' वर टिचकवा, बाहेर या, मोबाइल चालू करा. सराफ्यातल्या त्या शेटजींचा मिस्ड कॉल आलेला असेल. पहिला हप्ता किती परत मिळणार ते त्यांना संध्याकाळपर्यंत हवं असतं. सांगून टाका. मार्च आहे.

आता फील्ड. विषय नीट समजलाय की नाही याची खरी परीक्षा तिथे होते आणि तिला क्रेडिट नाहीत.

मराठीत विमा उतरवतात आणि दृष्टही उतरवतात. दोन्हीला घरातल्या बाईचा विश्वास लागतो. रामबागेतलं एक घर धरा. लाकडी जिना, ओटीवर झोपाळा, आत कुठेतरी कुकरची शिट्टी. काका 48 चे, राजवाड्यामागे वह्या-पेनांचं दुकान. काकूंनी पोहे आणले, वर बारीक सेव, शेजारी कागदात अजून गरम असलेली जलेबी. चहाचे तीन कप आणले त्यातला एक वेगळ्या रंगाचा, तो काकांपुढे ठेवला. तुम्ही प्रपोजल फॉर्म काढला. रक्कम तुम्ही आधीच अशी बेताने धरली होती की डॉक्टरची तपासणी लागू नये. नाव, जन्मतारीख, वडील कशाने गेले, असं करत तुम्ही त्या पानावर आलात.

"काका, डायबिटीस, बीपी, असं काही?"

"तशी एक गोळी घेतो सकाळी."

"एक गोळी आता सगळेच घेतात हो."

काकू म्हणाल्या, "अहो, सात वर्षं झाली त्या गोळीला. नीट सांगा ना त्यांना, ते लिहून घेतायत."

तुम्ही हसलात. जलेबीचा पाक बोटाला लागला होता, तो रुमालाला पुसलात आणि त्याच हाताने 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण केलीत. "काकू, हे फॉर्म असेच असतात. तुम्ही नका काळजी करू, मी आहे ना." काकांनी जिथे बोट दाखवलंत तिथे सही केली, साक्षीदार म्हणून खाली तुम्ही केलीत. पॉलिसी हातात आल्यावर नको असेल तर 30 दिवसांत परत करता येते, हे तुम्ही सांगितलं नाहीत. विचारलं कुठे त्यांनी?

परीक्षा होतात. तीन वर्षं लागतात, दोनदा फी बुडते, एकदा भाच्याच्या मुंजीत पेपर येतो. पण एक दिवस निकाल लागतो आणि 250 पुरे होतात. आता आळस करू नका. काही कंपन्यांत या परीक्षांवर पगारवाढ मिळते, त्याचा अर्ज त्याच दिवशी टाका. व्हिजिटिंग कार्ड नवीन छापा, जाड कागदावर, अक्षरं उठावाची, अंगठा फिरवला की लागली पाहिजेत. मुलीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेत तुमच्या नावापुढे ती यायला हवीत. छापखानेवाला म्हणेल, हे पत्रिकेत नाही शोभत भिया, तर दुसऱ्या छापखान्यात जा. गल्लीतल्या गणपतीत शाल-श्रीफळ होईलच. निवेदक 'ए ट्रिपल आय'ला डॉक्टरकीची पदवी समजेल आणि खाली उतरताच दोन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला येतील. नाही म्हणू नका. एकीचा मुलगा अजून विम्याविना आहे.

मग प्रमोशन. क्लेमच्या टेबलावर तुम्ही. समोर काच, मागे एसी, पाटीवर स्वल्पविराम.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक फाइल येते. अर्ली क्लेम, पॉलिसीला दोन वर्षं चार महिने. हार्ट अटॅक, दुकानातच. असोसिएट माणसाला बोटं मोजावी लागत नाहीत: कलम 45 प्रमाणे तीन वर्षं उलटली असती तर या पॉलिसीवर कसलाच आक्षेप घेता आला नसता. उलटलेली नाहीत. तपासनिसाने रुग्णालयाचे कागद जोडलेत, त्यात लिहिलंय, मधुमेह, नऊ वर्षं. फॉर्मवर लिहिलंय, नाही. त्या खुणेच्या बाजूला कागदाला एक फिकट तपकिरी डाग आहे, किंचित चिकट. आणि खाली साक्षीदाराची सही.

सही तुम्ही ओळखता. ज्ञान कामी येतं ते अशा वेळी. नोट कशी लिहायची हे तुम्हाला पुस्तकाने शिकवलंय: विमेदाराने महत्त्वाची बाब दडवली, परम सद्भावाच्या तत्त्वाचा भंग झाला, सबब दावा नामंजूर करण्याची शिफारस. साक्षीदाराविषयी रकाना नाही, तेव्हा त्याविषयी लिहायचं नाही. शिफारशीखाली सही करा आणि सहीखाली शिक्का मारा, नवा, अक्षरांसकट. शाई वाळेपर्यंत पान मिटू नका, पुढच्या पानावर उमटतं.

काकू येतील. त्यांना बसवा, पाणी मागवा, हळू आवाजात सांगा. त्या भांडणार नाहीत. टेबलावरचं तुमचं कार्ड उचलून त्यावरून अंगठा फिरवतील.

"हे पुढे काय लिहिलंय, भाऊ?"

"परीक्षा आहे काकू, विम्याची. मोठी असते."

"आमच्याकडे आलात तेव्हा झाली होती का ही?"

"नाही. नंतर झाली."

"हां," काकू म्हणतील. कार्ड पर्समध्ये ठेवतील आणि उठतील. "म्हणूनच. तेव्हा तुम्हाला तरी कुठे ठाऊक असणार."