पाळणा हलला म्हणून भांडण मिटत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. पहिल्यांदा पाठवला तो आमच्या थोरल्या जाऊबाईंनी. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. मजकूर असा: ‘नवरा-बायकोचं पटत नसेल तर वकिलाकडे धावू नका, घरात पाळणा हलू द्या. मूल झालं की भांडणं आपोआप मिटतात. पोरगा जबाबदार होतो, त्याचा स्वभाव बदलतो. बाईला आईपणासारखं सुख नाही; बाळंतपणानंतरची उदासी हे शहरी फॅड आहे. परदेशात बायकांना तो त्रास होतो, कारण तिथं एकत्र कुटुंब नाही. हे आता मानसशास्त्रानंही सिद्ध केलंय.’

मी सांगलीत पंचवीसेक वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. शेवटचं वाक्य नसतं तर कदाचित गप्प बसले असते. पण आक्कांनीही तो मेसेज सहज पाठवलेला नव्हता. नात्यातल्या एका घरात लग्नाला दोन वर्षं झालीत, दोघांचं मुळीच जमत नाही, आणि मोठ्यांनी ठरवलंय की यंदा पाळणा हललाच पाहिजे. ज्या दोघांना एका खोलीत अर्धा तास बोलत बसता येत नाही, त्यांच्या हातात एक तान्हा जीव द्यायचा असं चाललंय. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहिते.

‘मूल झालं की भांडणं आपोआप मिटतात.’

या प्रश्नावर साठ वर्षांहून जास्त काम झालंय आणि उत्तर बरोबर उलटं आलंय. १९५७ साली लेमास्टर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं ४६ जोडप्यांना पहिल्या बाळानंतरच्या दिवसांबद्दल विचारलं. त्यातली ३८ जोडपी म्हणाली की आमचा संसार मुळापासून हलला. बहुतेकांना ते मूल हवंच होतं, हे विशेष. जोडपी मोजकीच होती, शिवाय सगळं आठवून सांगितलेलं, म्हणून पुढच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली आणि ते योग्यच होतं. त्यानंतर कितीतरी अभ्यास झाले. २००३ मध्ये ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. मूल नसलेल्या बायकांपैकी ६२ टक्के संसारात चांगल्या समाधानी होत्या, तर तान्हं बाळ असलेल्या आयांपैकी ३८ टक्केच. २००९ मध्ये डॉस आणि सहकाऱ्यांनी २१८ जोडप्यांची लग्नानंतरची आठ वर्षं पाहिली. मूल झालेल्यांच्या नात्यात बाळ आल्याबरोबर एकदम उतार दिसला.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, तीही सांगायला हवी. मूल नसलेल्या जोडप्यांचं समाधानही आठ वर्षांत उतरलं होतं. फक्त ते हळूहळू उतरलं, पायरी-पायरीनं. शिवाय सगळ्या वयांची मुलं असलेले आईवडील एकत्र धरले तर मूल असणाऱ्या-नसणाऱ्यांतला फरक छोटाच आहे. तेव्हा ‘मूल झालं की संसार बुडाला’ हेही खोटं. ‘मूल नको’ असं मी कुणाला सांगत नाही. भांडण मिटवायला मूल, या नुसख्याला आधार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

यात खरा कामाचा अभ्यास मला वाटतो तो २००० सालचा, शपिरो, गॉटमन आणि कारेर यांचा. नवविवाहित जोडप्यांपैकी ज्यांना मूल झालं त्यांच्याकडे त्यांनी नीट पाहिलं. ६७ टक्के बायकांचं समाधान घसरलं होतं, पण उरलेल्या ३३ टक्क्यांचं टिकलं किंवा वाढलं होतं. मग या दोन गटांत फरक कुठला? बाळ सगळ्यांकडेच होतं. फरक दिसला तो लग्नानंतर लगेच घेतलेल्या मुलाखतींत. ज्या घरात नवरा बायकोबद्दल मायेनं बोलत होता आणि तिच्या मनात काय चाललंय याकडे त्याचं लक्ष होतं, तिथं बाळानंतरही संसार तगला. जिथं नवरा बायकोवर किंवा संसारावर आधीच नाराज होता, किंवा आयुष्य हाताबाहेर चाललंय असं दोघांपैकी कुणाला वाटत होतं, तिथं घसरण झाली. म्हणजे पाळणा हलायच्या आधी घरात जे असतं, तेच पाळण्याभोवती वाढतं. आक्कांच्या त्या घरात आज काय आहे, ते आक्काच मला दर आठवड्याला फोनवर सांगतात.

‘पोरगा जबाबदार होतो, त्याचा स्वभाव बदलतो.’

यावर थोडक्यातच लिहिते. २००६ मध्ये वयानुसार स्वभाव कसा बदलतो, याच्या अभ्यासांतल्या माणसांच्या ९२ गटांचा एकत्र आढावा निघाला. विशीपासून चाळिशीपर्यंत माणसं सरासरीनं शिस्तशीर होतात, मनानं स्थिर होतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे याच वयात मुलं होतात, म्हणून श्रेय बाळाला मिळतं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका दीर्घ पाहणीवरून नवे आईबाप आणि मूल नसलेली माणसं यांची तुलना झाली. बाळामुळे स्वभाव पोक्त होतो याला तिथं काही आधार मिळाला नाही. ज्याला रात्री उठायची सवय नाही तो बाप झाला म्हणून उठत नाही. त्याला उठवावं लागतं आणि उठल्यावर काय करायचं ते शिकवावं लागतं.

‘आईपणासारखं सुख नाही; उदासी हे शहरी फॅड आहे.’

हे वाक्य वाचून मला सर्वांत जास्त राग आला, कारण ते जिवाशी खेळणारं आहे.

सुख असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या वर्षानुवर्षांच्या पाहण्यांवरून २०१४ साली असं दिसलं, की पहिल्या बाळाच्या आधी आणि जन्माच्या सुमाराला आनंद वाढतो, आणि पुढं तो सरासरीनं मूळ पातळीवर येतो. पण सरासरीत न बसणाऱ्या बायका थोड्या नाहीत. भारतातल्या ३८ अभ्यासांचा, २० हजारांहून जास्त बायकांचा आढावा २०१७ मध्ये निघाला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के आलं. शंभर बाळंतिणींतल्या बावीस.

आणि फॅड शहरी म्हणायचं तर शेजारच्या गोव्यातला २००२ चा अभ्यास बघा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० आयांचा पाठपुरावा केला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. कारणं काय निघाली? हलाखी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मारहाण, आणि मुलगी झाली ही गोष्ट. आपल्या सांगली-साताऱ्यात ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘मुलगी’ असं उत्तर आल्यावर फोनवर क्षणभर जी शांतता होते, ती मी कितीदा ऐकलीय. त्याच बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी हसतमुख राहा म्हणून सांगतात.

नैराश्यातल्या या आयांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं, असंही गोव्याच्या त्या अभ्यासात निघालं. म्हणजे डोहाळजेवणात हिरवी साडी नेसून बसलेल्या मुलीला कुणी नीट विचारलं असतं, तर बरंच आधी कळलं असतं. दोन आठवड्यांच्या पुढं रडू येतंय, झोपायला मिळूनही झोप लागत नाही, बाळाकडे बघवत नाही, असं कुणी म्हणत असेल तर दृष्ट काढून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर एक दिवसही थांबू नका.

‘आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे.’

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात अर्धं खरं आहे. माहेरचं बाळंतपण, शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, बाळाला न्हाऊ घालणारी बाई, हा आधार फार मोठा आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तो मला मिळाला.

पण त्या तीन-चार महिन्यांत नवरा कुठं असतो? तो रविवारी येतो, बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. रात्री दोनला बाळ का रडतं हे आजीला कळतं, मावशीला कळतं, बापाला नाही. मग ओटी भरून बाळंतीण सासरी येते आणि तिथून खरी सुरुवात होते. आपल्या जोडप्यांचा कसोटीचा काळ जन्माबरोबर येत नाही, सासरच्या उंबऱ्यावर येतो, असं मला इतक्या वर्षांच्या बघण्यातून वाटतं. तोवर आईचा हात बसलेला असतो आणि बापाला बाळ उचलायचीही भीती वाटत असते.

शिवाय एकत्र कुटुंब आता सगळीकडे उरलंय कुठं? खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले पाहा. सोनं गाळायच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेले. कितीतरी सुना दोन महिन्यांचं बाळ घेऊन अशा गावात जातात जिथली भाषाही येत नाही. साताऱ्याकडच्या फौजी घरांत तर बाप सीमेवर आणि बाळ इथं. आणि जिथं कुटुंब एकत्र आहे तिथं काम कुणावर पडतं? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, देशभरात घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७.

माझी भाची तासगावला असते. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टवर. ती चार महिन्यांचं बाळ घेऊन सासरी आली तेव्हा पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरं दिसली, कुठं ‘म’, कुठं ‘प’. विचारलं तर जावईबापू म्हणाले, “मावशी, म म्हणजे ममता... तुमच्या भाचीला मी तीच हाक मारतो. प म्हणजे पप्पा. ज्याचं अक्षर, त्यानं रात्री उठायचं. माझी रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दुपारचं मी बघतो.” एका चौकोनात ‘प’ खोडून ‘आजी’ लिहिलं होतं. त्या दिवशी दोघांनाही ताप होता.

अमेरिकेत कॅरोलिन आणि फिलिप कॉवन या संशोधक दांपत्यानं हेच शिस्तीत केलं. होणाऱ्या आईबापांचे छोटे गट केले. बाळाच्या आधी तीन महिने आणि नंतर तीन महिने, दर आठवड्याला, जाणत्या माणसांबरोबर बसायचं आणि कोण काय करणार, कुणाला काय खुपतं, हे बोलायचं. चोवीस आठवडे. जी जोडपी गटात बसली त्यांचं समाधान मुलं शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत टिकलं. जी बसली नाहीत त्यांचं उतरत गेलं. आपल्याकडे डोहाळजेवण आहे, बारसं आहे, पण या सगळ्या सोहळ्यांत होणाऱ्या बापाला कुणी पाटावर बसवून चार गोष्टी विचारत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही. आधी आक्कांना फोन केला आणि अर्धा तास बोलले. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मग त्या दोघांना आता काय सांगू? मूल नको म्हणून?”

“मुलाचं नावच काढू नका,” मी म्हटलं. “दोघांना माझ्याकडे जेवायला पाठवा. आणि तुम्ही येऊ नका.”

रविवारी येतायत.