११८ एनई आणलीत? मग जनरेटरशेजारी लावा!

विंटेज रॅलीच्या गेटवरच्या पोरांना आयोजकांनी एकदा लेखी ताकीद द्यावी: गाडी ओळखता येत नसेल तर आधी पास बघा, मग तोंड उघडा. "काका, पब्लिक पार्किंग मागच्या गेटने." अरे, काचेवर तुम्हीच दिलेला एन्ट्री नंबर चिकटवलाय ना? एन्ट्री फी सगळ्यांइतकीच भरलीय ना? पण नाही. पुढचा इम्पालावाला हात हलवत आत जातो, मागच्या बीटलसाठी दोरी आपोआप वर होते आणि मी मधल्यामध्ये चारचौघांसमोर कागद दाखवत बसलेला. कारण माझी गाडी प्रीमियर ११८ एनई. चौकोनी, चार दारांची, डॉक्टर, बँक मॅनेजर आणि सरकारी साहेब लोक घ्यायचे तसली. कुठल्या संस्थानिकाने हिच्यातून वाघ मारलेला नाही, कुठली नटी हिच्यातून उतरलेली नाही.

आत सोडलं तरी जागा कुठली? जनरेटरशेजारी. दिवसभर डिझेलचा धूर आणि ती घरघर. लोक आमच्याकडे वळतात ते "टॉयलेट कुठे आहे?" एवढं विचारायला.

जे थांबतात त्यांचे प्रश्न ऐका. "फियाटच ना?" "किती देते?" (विंटेज रॅलीत अॅव्हरेज विचारणाऱ्याला जनरेटरवर बसवायला हवं.) "आमच्या काकांकडे होती, भंगारात दिली," हे तर लोक असं अभिमानाने सांगतात की जणू काकांनी पुण्यच केलं. एकदा एका पोराने विचारलं, "ही रशियन लाडा का हो?" त्याच्यावर मात्र राग नाही आला. निदान डोळे उघडे ठेवून बघत होता. फियाट १२४ वरूनच पुढे लाडा निघाली आणि आमची ११८ एनईसुद्धा. ती १२४ म्हणजे १९६७ सालची युरोपची 'कार ऑफ द इयर' होती, महाराज! स्पेन, तुर्कस्तान, रशिया, सगळीकडे ती बनली. आपल्याकडे १९८५ साली कुर्ल्यात बनायला लागली तर ती "काकांची भंगार गाडी".

पण माझं खरं डोकं फिरवलं ते परीक्षकाने. टोपी, गॉगल, गळ्यात बिल्ला. बॉनेट उघडायला सांगितलं. वाकून बघितलं, पेन काढलं आणि म्हणाले, "इंजिन बदललंय. निसानचं टाकलंय तुम्ही. ओरिजिनॅलिटीचे मार्क जातील." मी म्हटलं, साहेब, ते कंपनीतूनच निसानचं येतं. ए-ट्वेल्व्ह, ११७१ सीसी. नावातल्या एनईचा अर्थच निसान इंजिन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी थापा मारतोय. मग मागच्या दाराच्या बीडिंगवर नख दाबून बघितलं, रबराला बारीक चीर होती, तिथेही काहीतरी खरडलं आणि गेले पुढे. पुढे कोण होतं? एक जुनी अमेरिकन गाडी, आत आताचं जपानी इंजिन, पॉवर स्टीअरिंग, अलॉय व्हील आणि टचस्क्रीन म्युझिक सिस्टीम. तिला ट्रॉफी. तिथे ओरिजिनॅलिटी कुठे चरायला गेली होती?

आणि ते बीडिंग. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानामागून दुकान हिंडलो आहे मी त्या बीडिंगसाठी. टेललॅम्पच्या काचेसाठी तर किती जणांच्या हातापाया पडलो, ते मलाच माहीत. प्रीमियरच्याच पद्मिनीचं सामान आजही निघतं, कारण टॅक्सीवाल्यांनी तो बाजार जिवंत ठेवला. ११८ म्हटलं की दुकानदार पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. इंजिनाचं सामान एक वेळ मिळेल, कारण हेच इंजिन असलेल्या डॅटसन १२००चे वेडे जगभर पसरलेत. पण पत्रा? काच? रबर? आणि हे कुठे शोधायचं, तर कुर्ल्यातच, जिथे गाडी जन्मली. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीचे टॉवर उभे आहेत.

पद्मिनीवरही माझा राग आहे, आता बोलूनच टाकतो. गाडीवर नाही, तिच्या नव्या भक्तांवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी बंद झाली आणि अख्ख्या मुंबईला गहिवर आला. तिच्यात बसून घामाघूम होत शिव्या घालणारे हेच लोक! आता तिच्यासमोर रील काढतात. तिचीच धाकटी बहीण शेजारी उभी आहे, चांगलं दमदार इंजिन, गिअरही जमिनीवर, तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

सरकारचं तर बोलायलाच नको. कायद्याने विंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे पहिल्यात पहिल्या ११८ एनईचा नंबर २०३५ साली. तोवर ती नुसती 'जुनी गाडी'. वीस वर्षांवरच्या कारची आरसी रिन्यू करायची तर ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये फी, वर ग्रीन टॅक्स. आणि पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्याने जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची वॉशरं खराब होतात ती वेगळीच. इम्पालावाल्याला हा खर्च चिल्लर आहे. मी पगारदार माणूस.

पुढच्या रॅलीचा ऑनलाइन फॉर्म आलाय. 'मेक'च्या यादीत ऑस्टिनपासून व्हॉक्सहॉलपर्यंत सगळे आहेत, प्रीमियर नाही. 'अदर्स' निवडा म्हणे. निवडलं. शेरा लिहायच्या चौकटीत मोठ्या अक्षरात लिहिलंय: इंजिन कंपनीचंच आहे, परीक्षकांना आधी सांगून ठेवा. आणि तुमच्या कार्यकर्त्यांनी माझ्या बॉनेटवर चहाचे कप ठेवायचे नाहीत!