जर्मन न शिकता जर्मनीत नांदावे कसे?

2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून कोल्हापुरात ज्याच्या-त्याच्या तोंडी जर्मनीचे नाव आहे. अशा वेळी जाणाऱ्यांना हिताच्या दोन गोष्टी सांगणे, हे त्याच राज्यातील स्टुटगार्ट शहरात काही वर्षे काढून परतलेल्या माझ्यासारख्याचे कर्तव्यच ठरते.

आपण व्हिसापुरती परीक्षा द्यावी आणि निकाल लागताच पुस्तके रद्दीत घालावीत. त्या भाषेच्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पायऱ्या आहेत. जमेल तेवढ्या खालच्या पायरीवर, रंकाळ्याच्या काठावर बसतो तसे निवांत बसून राहावे, म्हणजे वारा लागतो आणि पाण्यात उतरावे लागत नाही. ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी आणि दुकानात बोट, एवढ्यावर संसार होतो.

कोणी कारण विचारलेच, तर व्याकरणाकडे बोट दाखवावे. तेथे टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी असते, हे डोळे मोठे करून सांगावे. मराठीतही तीनच लिंगे आहेत, आपले ‘पोरगं’ही नपुंसकलिंगीच आहे आणि आपल्याच घरातील बायका ‘मी आलो, मी गेलो’ असे म्हणतात, हे तेवढ्यापुरते विसरावे. ‘एकवीस’ म्हणताना जर्मन माणूस आपल्यासारखाच आधी एक आणि मग वीस उच्चारतो, हेही कोणाला कळू देऊ नये.

याबाबतीत माझ्या हातून एकदा चूक होता होता राहिली. दाढ ठणकत होती आणि दातांच्या डॉक्टरांनी मला ‘हाल्प ड्राय’ची वेळ दिली होती. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा आणि ‘ड्राय’ म्हणजे तीन, एवढे मला येत असल्यामुळे मी साडेतीनला, तेही आपल्या रिवाजाप्रमाणे पाच-सात मिनिटे उशिरा, तेथे हजर झालो. काउंटरमागच्या बाईंनी आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, दोन बोटे ताठ उभी केली आणि तिसरे अर्ध्यात वाकवून माझ्यासमोर धरले. ‘हाल्प ड्राय’ म्हणजे अडीच, तिसरा तास अर्धा सरलेला! गालावर हात ठेवून घरी परतताना आठवले, की आपले ‘अडीच’ही संस्कृतातील ‘अर्धतृतीय’पासूनच आलेले आहे, म्हणजे हिशेब तोच. ही गोष्ट मी पुढे कोणाजवळ काढली नाही, कारण ती काढली, की जर्मन आपल्याला जमण्यासारखी नाही, हे समोरच्याला पटवणे जड जाते.

नव्या घरात राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. त्या कचेरीत सोबतीला जर्मन येणारा एखादा सांगलीचा मित्र न्यावा आणि पुढची दहा वर्षे प्रत्येक कचेरीत त्यालाच न्यावे. (सांगलीकरापुढे हात जोडणे कोल्हापूरकराला जड जाते खरे, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्यापेक्षा ते सोपे. मराठीतही क्रियापद शेवटीच येते, हे पुन्हा विसरावे.) टपालाने आलेली पत्रे न फोडता खणात ठेवावीत. रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राशी मात्र मैत्री जोडावी, कारण ते प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट देते आणि एक अक्षर बोलत नाही.

एवढे सांभाळले, की भाषेचा अभिमान सगळाच्या सगळा सुट्टीसाठी शिल्लक राहतो. गावी आल्यावर तो सढळ हाताने वापरावा. मी अंगठी घडवायला गुजरीत गेलो, तेव्हा आत एक बंगाली कारागीर मान खाली घालून बसला होता. “इतकी वर्षे इथले खाताय, मराठी शिकायला काय होते?” असे मी त्याला सुनावले.

त्याने हातातले काम थांबवले नाही.

“शिकलोय की वो,” तो म्हणाला, “सांच्याला या, पॉलिश ऱ्हायलंय.”