ठेवी होत्या, माणसे कमी होती आणि हिशेब अजून बाकी आहेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुंबई महानगरपालिकेच्या करोनाकाळातील कारभारावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. ऐंशी हजार कोटींच्या आसपास ठेवी असलेल्या पालिकेच्या शहरात लोक एका खाटेसाठी वणवण फिरत असतील, तर ‘भक्कम तिजोरीमुळे मुंबई सावरली’ हे माझे वाक्य टिकत नाही, हा पहिला. करोनाखेरीज इतर रुग्णांचे काय झाले हे मी सांगितलेच नाही, हा दुसरा. आणि निकडीचे कारण पुढे करून मी विनानिविदा खरेदीला पाठीशी घातले, हा तिसरा. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पहिला अर्धा मान्य आहे आणि तिसऱ्यातील शब्द कठोर असले तरी त्यामागचा प्रश्न रास्त आहे.

आधी ठेवींविषयी. या रकमेत कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत, कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचा पैसा आहे, शिवाय मोठ्या प्रकल्पांसाठी बाजूला काढून ठेवलेला निधीही आहे. त्यामुळे ती सगळी रक्कम उद्या रुग्णालयावर खर्च करता येईल असे मानणे बरोबर नाही. तरीही पालिकेला पैशांची चणचण भासली नाही हे आपले म्हणणे खरे आहे, आणि ते किती खरे आहे हे त्या वर्षीच्या आकड्यांवरून दिसते. 2020-21 साठी महसुली उत्पन्नाचा अंदाज सुमारे 28,448 कोटी रुपये होता. तो सुधारून 22,572 कोटींवर आणावा लागला. मालमत्ता कराची अपेक्षा 6,768 कोटींवरून 4,500 कोटींवर घसरली. बांधकाम परवानग्यांतून येणाऱ्या पैशाचा अंदाज 3,879 कोटींचा होता, तो 1,200 कोटींवर आला. अशा वर्षात पालिकेला सावरून धरले ते 2017 मध्ये जकात बंद झाल्यावर राज्याकडून दरमहा मिळू लागलेल्या भरपाईने. दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी ही रक्कम शहरातील उलाढाल थांबली म्हणून थांबली नाही. जुनी जकात असती, तर नाक्यांवरचे ट्रक ओसरताच तिजोरी रोजच्या रोज रिकामी होताना दिसली असती.

पुढच्या वर्षी उत्पन्न झपाट्याने वर आले, त्याचे श्रेय मी माझ्या लेखात पालिकेच्या शिस्तीला दिले होते. ती माझी चूक होती. राज्य सरकारने जानेवारी 2021 मध्ये बांधकामावरील अधिमूल्यात, म्हणजे परवानगीसाठी विकासकांनी भरायच्या शुल्कात, वर्षअखेरपर्यंत निम्मी सवलत दिली आणि विकासकांनी ती संपण्याआधी पैसे भरण्याची घाई केली. 2021-22 साठी या खात्यातून 2,000 कोटी येतील असे धरले होते. सुधारित अंदाज 14,750 कोटींचा झाला. पुढच्या वर्षांत येऊ शकणारा पैसा त्या एका वर्षात आला, असाच त्याचा अर्थ मी आता लावतो.

मात्र पैसा असूनही सुरुवातीला खाटा मिळाल्या नाहीत, आणि पुढे त्या मिळाल्या त्या केवळ पैशामुळे असेही नाही. एप्रिल आणि मे 2020 मध्ये चाचणीचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती पडत असे आणि घाबरलेले कुटुंब दिसेल त्या रुग्णालयाच्या दारात उभे राहत असे. जूनपासून अहवाल आधी पालिकेकडे येऊ लागले, 24 विभागांत नियंत्रण कक्ष सुरू झाले आणि विभागातील माणूस रुग्णाला फोन करून कुठे जायचे ते सांगू लागला. या बदलाला फारसा खर्च आला नाही. त्यासाठी लागली ती वस्ती ओळखणारी माणसे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या धारावीत, जिथे बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालये वापरतात, घरोघरी जाऊन तपासणी केली ती आरोग्यसेविकांनी आणि खासगी दवाखाने चालवणाऱ्या स्थानिक डॉक्टरांनी. जुलै 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला तेव्हा आपल्या सर्वांना अभिमान वाटला. पण त्या आरोग्यसेविकांना पगार मिळत नव्हता, मानधन मिळत होते, आणि हे मी माझ्या लेखात ठळकपणे लिहायला हवे होते. दुसऱ्या लाटेत, 17 एप्रिल 2021 च्या पहाटेपर्यंत प्राणवायू संपत आलेल्या सहा रुग्णालयांतून 168 रुग्ण हलवण्यात आले, तेही रात्रभर जागलेल्या माणसांच्या बळावर. त्याच महिन्यात माझ्या चुलतभावासाठी खाट शोधताना माझा फोन सतरा वेळा व्यस्त लागला होता. अठराव्या वेळी ज्या मुलीने तो उचलला, तिचा आवाज बसलेला होता. यंत्रणा कशावर चालली होती ते मला त्या आवाजातून कळले.

आपला दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नायरसारखे मोठे रुग्णालय करोनासाठी राखून ठेवले गेले, तेव्हा तिथे एरवी येणारे इतर रुग्ण कुठे गेले? 23 मार्च 2020 पासून लोकल बंद होती आणि सर्वसामान्यांसाठी ती 1 फेब्रुवारी 2021 पर्यंत उघडली नाही. कल्याण-डोंबिवलीहून किंवा विरारहून परळला उपचारासाठी येणाऱ्या माणसाने या काळात काय केले असेल? देशात क्षयरोगाच्या नोंदी 2019 मधील 24 लाखांवरून 2020 मध्ये 18 लाखांवर आल्या. रोग कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि क्षयाचा भार मोठा असलेल्या मुंबईला त्याची किंमत इतरांहून कमी पडली असेल असे मला वाटत नाही. एवढ्या अनुभवानंतर 2021-22 साठी पालिकेचे आरोग्यावरील अंदाजपत्रक सुमारे 4,260 कोटींवरून 4,728 कोटींवर गेले. ही रक्कम एकूण 39,038 कोटींच्या अंदाजपत्रकाचा जेमतेम आठवा हिस्सा होती. ही वाढ अपुरी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरेदीविषयी. निकडीच्या प्रसंगी निविदेशिवाय काम देण्याची मुभा 1888 च्या महापालिका अधिनियमातच आहे, आणि मार्च 2020 मध्ये स्थायी समितीने खर्चाचे अधिकार आयुक्तांकडे दिले होते. त्या आठवड्यांत कुणी निविदेची मुदत संपण्याची वाट पाहिली असती, तर तो गुन्हा ठरला असता. हे मी आजही म्हणेन. परंतु खर्च करण्याची घाई समजू शकते; हिशेब दाखवायला घाईचे कारण देता येत नाही. 2022 मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक पालिकेच्या कामांची तपासणी करू लागले, तेव्हा करोनावरील सुमारे 3,538 कोटींच्या खर्चाची कागदपत्रे पालिकेने दिली नाहीत. 1897 च्या साथरोग कायद्याचा आणि 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार त्यासाठी घेतला गेला, आणि मार्च 2023 मध्ये विधानसभेत आलेल्या अहवालात हा भाग तपासणीविनाच राहिला. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले होते, त्यामुळे सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारेही कुणी नव्हते. प्रामाणिकपणे राबलेल्या अधिकाऱ्यांवरचे मळभही या नकारामुळेच दूर झाले नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

त्यामुळे मूळ लेखात मी तीन बदल करत आहे. ‘भक्कम तिजोरीमुळे मुंबई सावरली’ हे वाक्य मी काढत आहे, 2021-22 च्या उत्पन्नवाढीचे खरे कारण तिथे नोंदवत आहे आणि न तपासलेल्या खर्चाचा परिच्छेद तळटीपेतून उचलून लेखाच्या सुरुवातीला आणत आहे. इतर रुग्णांविषयी मात्र वेगळा लेखच लिहावा लागेल. त्या काळात आपल्या घरातील कुणाचे डायलिसिस, केमोथेरपी किंवा प्रसूतीपूर्व तपासणी चुकली असेल आणि आपल्याला त्याविषयी सांगावेसे वाटत असेल, तर ते मला अवश्य कळवावे.